पुढचा आतला ब्रेक पॅडच जास्त झिजलाय, घरी बदलता येईल का?

प्रश्न (होटगी रोड)
गाडी स्विफ्ट पेट्रोल, ५८,००० किमी. ब्रेक दाबला की पुढून डावीकडे चिरचिर आवाज येतो. चाक काढून बघितलं तर बाहेरच्या पॅडचं लायनर ५ मिमी आहे, आतलं जेमतेम २. उजवीकडे दोन्ही ५. गॅरेजवाले म्हणतात डिस्कही बदला. डिस्कवर बारीक रेघा आहेत, कडेला धार आलीये. पुढच्या आठवड्यात तुळजापूरला जायचंय, वाटेत घाट आहे.

उत्तर (विजापूर रोड)
मालक, आवाज पॅडचा आहे, दुखणं स्लायडर पिनचं दिसतंय. या कॅलिपरला (डिस्कवर बसून पॅड दाबणारा भाग) पिस्टन एकाच बाजूला, आतून असतो. तो आतला पॅड दाबतो, मग अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिन धुळीने पकडली की कॅलिपर जागचा हलत नाही आणि आतला पॅड घासत राहतो. नुसते पॅड घातले तर नवाही तसाच जाईल.

व्हील नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करा. मागच्या चाकांना दगड लावा, जॅकच्या जोडीला स्टँड द्या. खालचा बोल्ट काढला की कॅलिपर वर उचलता येतो. पूर्ण सोडवलात तर तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधा, ब्रेकच्या पाइपवर लोंबकळत ठेवू नका. दोन्ही पिना ओढून काढा, वाळलेलं ग्रीस पुसा आणि ब्रेकसाठीच्या सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्या. साधं चेसिस ग्रीस अजिबात नको, त्याने रबर फुगतं आणि पिन पुन्हा पकडते. रबरी बूट फाटलं असेल तर तेही बदला, नाहीतर धूळ परत आत जाणार.

पिस्टन मागे ढकलताना जुना पॅड मध्ये धरून सी-क्लँप हळूहळू आवळा. ब्रेक ऑइल वर चढतं, म्हणून बॉनेटखालच्या ऑइलच्या डबीवर लक्ष ठेवा. भरून आली तर सिरिंजने थोडं काढा. बॉनेटवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग खातं. क्लँप लावूनही पिस्टन अडखळत असेल तर मात्र घरचं काम थांबवा, कॅलिपर उघडावा लागेल.

उत्तर (जुळे सोलापूर)
डिस्कचा निर्णय डोळ्यांनी करू नका. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, ती वाचा आणि मायक्रोमीटरने मोजा. व्हर्नियर लावाल तर त्याचे जबडे कडेच्या धारेवर बसून आकडा जास्त दाखवतात. जाडी शिल्लक असेल, नख अडकेल अशी रेघ नसेल आणि पेडल थरथरत नसेल तर डिस्क राहू द्या. पॅड मात्र पुढच्या दोन्ही चाकांचे एकदमच, चारही. एकाच बाजूचे बदलले तर ब्रेक मारताना गाडी एकीकडे ओढते.

उत्तर (विजापूर रोड)
राहिलंच: गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबत राहा. पिस्टन मागे गेलेला असतो, पहिले काही दाब रिकामे जातात. मग नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर ६० वरून १० पर्यंत आठ-दहा वेळा हलका ब्रेक, मध्ये थोडं थंड होऊ द्या. गरम असताना ब्रेक दाबून उभे राहू नका. हे घाटाच्या आधी उरका.

प्रश्नकर्ता
डावीकडची खालची पिन खरंच हलत नाही. तिच्या टोकाला रबराची नळी आहे, वरच्या पिनेला नाही. चालेल?

उत्तर (विजापूर रोड)
नळी एकाच पिनेला असली तरी चालेल, बऱ्याच गाड्यांत असंच असतं. फक्त पिनांची अदलाबदल करू नका, जी जिथली ती तिथेच. नळी फुगून भोकात घट्ट बसली असेल तर नवी घाला.