६१७४: पुढचे शून्य सोडू नये

चार अंकी संख्येचे अंक उतरत्या क्रमाने मांडायचे, त्यातून तेच अंक चढत्या क्रमाने मांडून वजा करायचे, आणि उत्तरावर पुन्हा तेच करत राहायचे, की शेवटी ६१७४ येते. २१११ घेतल्यास मात्र ते येत नाही, असा एक दावा आहे. २१११ − १११२ ही वजाबाकी ०९९९ आल्यावर पुढचे शून्य गाळले, तर ९९९ मधून ९९९ वजा होऊन सारेच संपते; पण शून्य धरून चार अंक कायम ठेवले, तर ९९९० − ०९९९ = ८९९१, आणि तिथून ८०८२, ८५३२ असे करत ६१७४ मिळतेच. चारही अंक सारखे नसले, की जास्तीत जास्त सात पायऱ्यांत हे घडते.

देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांच्या या शोधामागचे कारण मला फार सुंदर वाटते. उतरत्या क्रमाने अंक क, ख, ग, घ असतील, तर वजाबाकी नेहमी ९९९(क − घ) + ९०(ख − ग) एवढीच येते, म्हणजे पहिल्याच पायरीनंतर हजारो संख्यांमधून केवळ ५४ शक्यता उरतात, ज्या कागदावर एका बैठकीत तपासता येतात. ६१७४ चे अंक उतरत्या क्रमाने ७६४१ होतात, आणि त्यासाठी हे फरक ६ आणि २ आहेत, म्हणून पुन्हा ६१७४ च येते: ५९९४ + १८० = ६१७४.

शिवाय ६१७४ च्या अंकांची बेरीज १८, आणि १८ + १८² + १८³ = ६१७४. तिला १८ ने भागल्यास नेमका ७ चा घन, ३४३, येतो. अंकांच्या बेरजेने निःशेष भागल्या जाणाऱ्या अशा संख्यांना ‘हर्षद’ हे नावही कापरेकरांचेच.