कुकरमध्ये डाळ शिजतच नाही, काय चुकतंय?

पहिल्यांदाच घर सोडून लातूरहून पुण्यात आलोय, एकटाच राहतो. मेसचं जेवण सोसेना म्हणून ३ लिटरचा कुकर घेतला, पण ४ शिट्ट्या करूनही तूरडाळ टचटचीत राहते आणि भाताचा मात्र गिचका होतो. डाळीत टोमॅटो आणि चिंच आधीच घालतो. आईला रोज फोन करून विचारलं की तिला काळजी लागते, म्हणून इथे विचारतोय.

—

अरे चिंच टोमॅटो आधी नको घालूस, आंबटामुळे डाळ शिजायला वेळ लागतो, ते फोडणीनंतर घाल. डाळ अर्धा तास भिजव, वाटीला ३ वाट्या पाणी, चिमूटभर हळद हिंग आणि थेंबभर तेल. डाळीचं भांडं खाली, भाताचं वर, भाताला दुप्पटच पाणी. आणि कुकरच्या तळाशी पाणी घालायला विसरू नकोस हं, मी एकदा विसरले होते, तळ निळाकाळा पडला आणि जळका वास दोन दिवस गेला नाही.

—

पाणी बोअरचं आहे का? जड पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, पिण्याचं वापरून बघ.

—

शिट्टी झाली की गॅस बारीक करून ५-७ मिनिटं ठेव, आणि वाफ आपोआप जिरल्याशिवाय झाकण अजिबात उघडू नको.

—

बोअरचंच होतं! आज फिल्टरचं पाणी घेतलं, चिंच नंतर घातली, डाळ पळीने घोटली तर लोण्यासारखी मऊ झाली. आईला फोटो पाठवला. खूप आभार सगळ्यांचे.