मदत हवी आहे: चालू डेबियन लिनक्सवर पूर्ण डिस्क एन्क्रिप्शन (पासवर्डशिवाय डिस्क वाचताच येऊ नये असं)

नमस्कार मंडळी, मी इंदूरचा. आतेभावाचा लॅपटॉप परवा प्रवासात चोरीला गेला, तेव्हापासून माझी झोप उडालीय. माझ्या लॅपटॉपवर लोकांचे पॅन, आधार, हिशेब, सगळं उघडं पडलंय. लॉगिनचा पासवर्ड काय कामाचा? डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली की झालं.

इथे जेल रोडवरच्या दुकानात विचारलं तर "फॉरमॅट मार लो भिया!" पण सगळं नव्याने बसवायचा कंटाळा येतो.

डेबियन १२ आहे, २५६ जीबी एसएसडी. ईएफआय (मशीन सुरू होताना लागणारं), रूट (सिस्टिम आणि फाइली, ईएक्सटी४ प्रकारचं) आणि स्वॅप (रॅमला जोड), एवढीच पार्टिशनं म्हणजे डिस्कचे भाग, बूट (कर्नलच्या फाइली) रूटमध्येच. लाइव्ह पेनड्राइव्हवरून फाइलसिस्टिम थोडी आवळायची, मग क्रिप्टसेटअप या टूलच्या रीएन्क्रिप्ट कमांडने लक्स२ (लिनक्सचं डिस्क एन्क्रिप्शन) चढवायचं, हेडरसाठी (किल्ल्यांची माहिती ठेवणारा भाग) ३२ एमबी जागा सोडून, इथवर समजलं. घोडं अडलंय ग्रबपाशी, म्हणजे सिस्टिम सुरू करणाऱ्या बूटलोडरपाशी. लक्स२ पासवर्डवरून किल्ली बनवताना आपणहून आर्गॉन२ ही पद्धत वापरतं आणि या डेबियनच्या ग्रबला ते वाचता येत नाही. मग ग्रबला वाचता येणारी जुनी पद्धत, पीबीकेडीएफ२, घ्यावी, की स्वॅप उडवून तिथे वेगळं, उघडं बूट करावं? माझा कल दुसऱ्याकडे आहे, पण क्रिप्टटॅब (कोणती डिस्क उघडायची ती यादी) आणि इनिट्रॅमएफएस (सुरुवातीला चढणारी छोटी सिस्टिम) यांचा क्रम चुकला तर मशीन उठणारच नाही, ही धास्ती.

दुसरं, बॅटरी मेलेली आहे. मध्येच लाइट गेली तर? काम पुन्हा तिथूनच सुरू करता येतं असं मॅन्युअल म्हणतं. कुणी प्रत्यक्ष अनुभवलंय का? बॅकअप घेतलाय, त्यावरून ओरडू नका.