मदत हवी आहे: आईचं बायपास आणि पोरीची फी एकदमच आलंय

येळ्ळूर_रोड:
आईला बायपास सांगितलंय, तिकडं पोरीला इंजिनिअरिंगला सीट लागली, फी भरायची शेवटची तारीख सोमवार. एफडी मोडू की सोनं ठेवू? कुठं पैसे वाचतील तेवढं पटापट सांगा, लेक्चर नको.

वडगावची_अक्का:
अहो पण रेशन कार्ड बीपीएल की एपीएल? सीट सीईटीतनं की मॅनेजमेंटची? आई ॲडमिट झाल्या काय? हे न सांगता कोण काय सांगणार.

गुंतवणूक_गुरू:
म्हणून म्हणतो, मूल जन्मलं की दुसऱ्या दिवशी एसआयपी. माझ्या पोराची तयार आहे.

येळ्ळूर_रोड:
@गुरू पोरगी अठराची झाली ओ, आता जन्माला घालू काय परत? @अक्का एपीएल. सीट सीईटीची. आई घरी आहे, पुढच्या आठवड्यात बोलावलंय.

वडगावची_अक्का:
मग थेट प्रायव्हेटला जाऊन पैसे भरू नका. पहिला सिव्हिलला दाखवा, तिथनं रेफरल लेटर घ्या, मग आयुष्मान-आरोग्य कर्नाटक ह्या सरकारी योजनेत बसणाऱ्या हॉस्पिटलात जावा. बीपीएलला 5 लाखांपर्यंत आहे, एपीएलला पॅकेजच्या 30 टक्केच मिळतात. आमच्या मामंजींच्या वेळी लेटर नंतर आणतो म्हटलं तर काउंटरवरच्यानं फाईल उचलून परत हातात दिली.

निपाणी_एक्सप्रेस:
कर्नाटकाचं कशाला, महाराष्ट्रानं 2023 ला सीमाभागातल्या 865 गावांना महात्मा फुले आरोग्य योजना दिली की! येळ्ळूर त्यात आहेच.

खानापूरकर७:
दिली, आणि कर्नाटकानं बेळगावातली त्याची केंद्रं बंद पाडली त्याचं काय? कागदावर सगळं गोड असतंय.

निपाणी_एक्सप्रेस:
म्हणजे मागायचंच नाही? असंच सोडून सोडून आपलं वाटोळं झालं. सुप्रीम कोर्टात सीमावादाची केस उभी आहे.

खानापूरकर७:
2004 पासनं उभी आहे. तोवर बाईनं बायपास थांबवायचं काय?

बँकेतला_पोरगा:
भांडण बाजूला ठेवा. सोनं, एफडी दोन्ही राहू दे. एज्युकेशन लोन घ्या, साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि कॉलेजला नॅक किंवा एनबीएचं (दर्जा तपासणाऱ्या संस्थांचं) मानांकन असेल तर कोर्स अधिक एक वर्ष व्याज केंद्र सरकार भरतंय. फक्त मॅनेजरला स्वतःहून विचारा, तो आपणहून बोलत नाही. आणि सीईटीच्या फॉर्मात एसएनक्यू, म्हणजे जादा सीटांचा कोटा, मागितला होता काय? त्यात ट्यूशन फी माफ असते, 8 लाखांच्या आतल्यांना.

गुंतवणूक_गुरू:
सुकन्या खातं असेल तर दहावीनंतर शिक्षणाला निम्म्यापर्यंत काढता येतंय. हे तरी उपयोगाचं आहे ना?

येळ्ळूर_रोड:
@गुरू ते बायकोनं काढलेलं, बघतो. एसएनक्यू मागितला नव्हता. व्याजासाठी नाडकचेरीतनं (महसूल ऑफिसातनं) उत्पन्नाचा दाखला काढायचा, तर त्यात शेतीच धरायची की फौंड्रीतला पगार पण?

वडगावची_अक्का:
पगार?? नोकरी आहे हे आता सांगालाय?

येळ्ळूर_रोड:
उद्यमबागेत, इथल्या कारखान्यांच्या भागात. अठरा हजार मिळतात, त्यात काय सांगायचं. शेती आहे म्हटलं होतं असं वाटलं.

मराठीमाणूस_बीजीएम:
कोल्हापूरला पोरीसाठी बरी मेस कुठली? माझी पण जाणार आहे.

बँकेतला_पोरगा:
@येळ्ळूर दोन्ही धरायचं. पण ते जाऊ दे, पगाराच्या स्लिपवर ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कापतात काय?

येळ्ळूर_रोड:
0.75 टक्के का काय कापतात. दर महिन्याला शिव्या घालतो त्याला.

बँकेतला_पोरगा:
शिव्या घालू नका ओ! 21 हजारांच्या आतल्या पगाराला ते लागतंय, आणि आईवडील तुमच्यावर अवलंबून असले, त्यांचं स्वतःचं उत्पन्न फार नसलं तर ते पण त्यात येतात. नोकरी किती वर्षं झाली? बायपाससारख्याला हप्ते किती भरलेत ते बघतात. आईचं नाव ईएसआय कार्डावर आहे काय? नसेल तर उद्याच एचआरला सांगून चढवा, मग अशोकनगरच्या ईएसआय दवाखान्यात दाखवा. तिथनं रेफर केलं तर बिल तुमच्यापर्यंत येतच नाही.

येळ्ळूर_रोड:
नऊ वर्षं झाली. नाव बायकोचं आणि पोरीचं आहे, आईचं नाही. आधार लागतंय की फोटो पण?

मराठीमाणूस_बीजीएम:
मेसचं कोणी सांगेना.