मंगोलियात चौरस किलोमीटरला दोन माणसं, मग उलानबातरमध्ये एवढी गर्दी कशी?

शंकासुर:
परवा मंगोलियाचा एक व्हिडिओ बघत होतो, नुसतं गवत आणि आभाळ, गाडी चाललीये चाललीये आणि चिटपाखरू नाही. म्हणून जरा शोधलं तर क्षेत्रफळ १५ लाख ६४ हजार चौरस किमी आणि लोकसंख्या साधारण ३५ लाख, म्हणजे किलोमीटरमागे जेमतेम २ माणसं, स्वतंत्र देशांमध्ये सगळ्यात विरळ. इथवर ठीक. पण पुढचाच व्हिडिओ राजधानी उलानबातरचा निघाला आणि तिथे ट्रॅफिक असा तुंबलेला की विचारू नका, वर धुराचा थर. एवढी जागा पडलीये तर सगळे एकाच ठिकाणी का कोंबून घेतायत? जाणकारांनी सांगा.

आकडेमोड:
सरासरी फसवते हो. ३५ लाखातले जवळपास निम्मे एकट्या उलानबातरमध्ये. ते बाजूला काढले तर उरलेल्या देशात किलोमीटरला एकाच्या जरा वर भरतं. गोबीतला ओम्नोगोवी प्रांत घ्या, १ लाख ६५ हजार चौरस किमी, तिथे अर्धा माणूससुद्धा वाट्याला येत नाही. राजधानीनंतरची मोठी शहरं म्हणजे एर्देनेत आणि दारखान, ती लाखाच्या आसपासची. मधली पायरीच नाही, एकतर राजधानी नाहीतर माळरान.

दोन_हिवाळे:
कामानिमित्त तिथे दोन वर्षं काढली म्हणून लिहितो. "जागा पडलीये" हेच मुळात खरं नाही, ती जागा गुरांची आहे. २०२३ अखेरच्या मोजणीत साडेसहा कोटी जनावरं होती, घोडे, उंट, गाईबैल (याक त्यातच), मेंढ्या, शेळ्या. दर डिसेंबरला ही मोजणी होते. एका कुटुंबाला पुरेल एवढं गवत मिळवायला केवढा तरी मुलूख लागतो आणि तोही वर्षातून दोनचारदा बदलावा लागतो, दाटीने राहून चालतच नाही.

आणि मग झुड येतो. म्हणजे असा हिवाळा की ज्यात जनावरं उपाशी मरतात. पांढरा झुड म्हणजे गवत बर्फाखाली गाडलं जातं, लोखंडी म्हणजे वर बर्फाचं कडक कवच बसतं आणि जनावराला खुराने ते फोडता येत नाही, काळा म्हणजे बर्फच पडत नाही म्हणून प्यायला पाणी नाही. १९९९ ते २००२ असे लागोपाठ तीन हिवाळे गेले, २००९-१० च्या एकाच हिवाळ्यात कोटभर जनावरं गेली, २०२३-२४ ला परत सत्तर लाखांच्या वर. कळप गेला की त्या माणसाला माळावर करण्यासारखं काही उरतच नाही, तो गेर (त्यांचा गोल तंबू) उतरवून ट्रकवर टाकतो आणि उलानबातरच्या कडेच्या टेकडीवर परत उभा करतो. कुंपण घातलं की झालं घर. कायद्याने नागरिकाला तिथे ०.०७ हेक्टर जमीन फुकट मिळू शकते, त्यामुळे शहर आडवं पसरत गेलं.

त्या वस्तीत नळ नाही, ड्रेनेज नाही. मी रोज सकाळी बघायचो, आठ-दहा वर्षांची पोरं हातगाडीवर प्लास्टिकचे कॅन घेऊन पाण्याच्या टपरीवर रांगेत, बाहेर उणे ३०, कॅनच्या तोंडाशी सांडलेलं पाणी तिथल्या तिथे गोठलेलं. घरोघरी मधोमध लोखंडी शेगडी आणि त्यात कोळसा. तुम्ही बघितलेला धूर बराचसा त्याचाच. २०१९ ला कच्च्या कोळशावर बंदी आली, आता ब्रिकेट (कोळसा दाबून केलेले गोळे) जाळतात.

आकडेमोड:
पटलं, पण सगळं झुडवर ढकलू नका. ९० नंतर समाजवादी कारखाने बंद पडले तेव्हा उलटंच झालं होतं, शहरातली माणसं गुरं राखायला माळावर गेली, पशुपालकांची संख्या दहा वर्षांत दुपटीच्या वर गेली. त्यातले कितीतरी नवखे, आणि १९९९ च्या झुडने आधी तेच साफ केले. शिवाय चांगलं कॉलेज, मोठं हॉस्पिटल, बरी नोकरी सगळं राजधानीत, मग गुरं जगली तरी पोरं थांबतात कशाला? २०१७ पासून काही वर्षं बाहेरून येणाऱ्यांची नोंदणीच बंद ठेवली होती. लोक यायचे थांबले नाहीत, बिननोंदीचे राहिले, म्हणजे गुंता सुटायच्या ऐवजी वाढलाच.

शंकासुर:
बापरे, हे डोक्यातच आलं नव्हतं. अजून एक, एवढा कमी आकडा तर लोकसंख्या घटतेय का जपानसारखी?

निवांत:
छे, उलट! १९१८ च्या गणतीत साडेसहा लाखाच्या आत होते, ६० च्या दशकात दहा लाख झाले आणि जानेवारी २०१५ मध्ये तीस लाखावा नागरिक जन्मला तेव्हा देशभर कौतुक. समाजवादी काळात जास्त मुलं व्हावीत हे सरकारी धोरण होतं, बाईला सरासरी सातच्या आसपास मुलं असायची, त्यासाठी आईला पदक मिळायचं. पदक अजून आहे, फक्त अट खाली आली, आता चार मुलांना दुसऱ्या श्रेणीचं आणि सहांना पहिल्या. २००० नंतर जन्मदर दोनच्या आसपास उतरला होता, मग चक्क परत चढला, तीनजवळ गेला. असं फार कमी देशांत होतं.

अजून एक गंमत, म्हणजे गंमत नाहीच म्हणा, तिथे मुली जास्त शिकतात. मुलाला गुरांमागे ठेवायचं आणि मुलीला शहरात पाठवायचं, असं बऱ्याच घरांत चालत आलंय. त्यात बायकांचं आयुर्मान पुरुषांपेक्षा नऊ-दहा वर्षांनी जास्त.

दोन_हिवाळे:
बरोबर. ऑफिसात आमच्या टेबलवर सहा जणी आणि मी. आणि सगळे मंगोल तिथेच राहतात असंही नाही, चीनच्या इनर मंगोलियात त्यांच्यापेक्षा जास्त मंगोल आहेत. इकडे पश्चिमेला बायान-ओल्गी प्रांतात गेलात तर बहुतेक सगळे कझाक, मुसलमान, घरात कझाक बोलणारे.

शंकासुर:
आणि ट्रॅफिकचं काय केलं त्यांनी?

दोन_हिवाळे:
नंबरप्लेटच्या शेवटच्या आकड्यावरून आठवड्यातून एक दिवस गाडी बंद. मग लोकांनी दुसऱ्या नंबरची दुसरी गाडी घेतली.