भोपळ्यातल्या म्हातारीचा वाघ ठेवायचा की काढायचा?

महालची आजी
नात पाच वर्षांची. झोपताना गोष्ट लागतेच, तीही भोपळ्याचीच. परवा सून म्हणाली, "आई, ते 'लठ्ठ होईन, मग मला खा' नका सांगू, घाबरते ती." म्हणून काल सांगितलं, वाघ म्हातारीला सोबत द्यायला आला होता. नातीनं तिथंच धरलं: "मग ती भोपळ्यात काहून बसली?" आता काय सांगू बाप्पा! वाघ गुणी निघाला की भोपळाही नको नि लेकीकडची तूप-रोटीही नको. इंग्रजी पुस्तकातली सावत्र आई विषारी सफरचंद देते, ते मात्र घरात चालतं. तुम्ही काय करता?

धरमपेठी वाचक
काकू, ती आई आधी सख्खीच होती! ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठते ती तिची स्वतःची आई. १८१९ मध्ये तिला सावत्र केलं. शेवटी तापलेले लोखंडी जोडे घालून तिला मरेस्तोवर नाचवतात, ते तसंच ठेवलं. म्हणजे खटकलं ते मोठ्यांना. पोरांच्या भीतीचा विचार कोणी केला?

पोट्टा नागपूरचा
सुनबाईले विचारा, तान्ह्या पोळ्याले पोरीले मारबत दाखवाले नेता का नाही? काळी मारबत १८८१ पासून निघून राहिली. केवढा थोरला बाईचा पुतळा, अन् शेवटी जाळतेत त्याले. पोट्टे बापाच्या खांद्यावर बसून "इडा पीडा घेऊन जा गे मारबत" वरडतेत. भेते का कोनी? अन् वाघाचं म्हनाल तं पेंचचं वाघाचं जंगल काय लय दूर हाय का!

सुट्टीतली मास्तरीण
इराणातही हीच गोष्ट सांगतात. तिथल्या म्हातारीला लांडगा, बिबट्या आणि सिंह भेटतात, आणि तीही लेकीकडून भोपळ्यातच घरंगळत येते. बंगालमध्ये दुधीभोपळा. जनावरं ज्या त्या मुलखाची, पण खाऊ का म्हणून विचारणारं कोणीतरी सगळीकडे हवंच. मी वाघाचं काम नातवालाच देते. डरकाळी त्याच्या हातात असली की भीती आटोक्यात राहते, फक्त शेजारी तक्रार करतात.

महालची आजी
वाघ परत आणला. डरकाळी नातीकडे दिली, तर ती म्हातारीला जाऊच देईना, तूप-रोटी इथंच खा म्हणते. सुनेला सख्ख्या आईचं सांगितलं, तिनं पुस्तक वरच्या फळीवर टाकलं. मारबतीचं नाव काढल्यावर मात्र गप्प. दरवर्षी पोरीला घेऊन सगळ्यात पुढं तीच उभी असते.