होडीसाठी दिवस विचारला, तावीज बांधायला दिला, हे आपल्या धर्मात चालतं का?

किनाऱ्यावरची
नमस्कार सगळ्यांना, आम्ही मालवण बाजूचे, ख्रिस्ती, तीन पिढ्या मासेमारी. मागचा सीझन आमचा पूर्ण वाया गेला, पहिल्याच महिन्यात इंजिन बसलं, ते दुरुस्त केलं तर जाळं खडकाला लागून फाटलं, आणि कर्ज तसंच डोक्यावर. आता ३१ जुलैला मासेमारीची पावसाळी बंदी संपते आणि आजीने कोणाला न सांगता शेजारच्या गावातल्या एका जाणकाराला जाऊन विचारलं. तो म्हणाला होडीवर कोणीतरी केलंय, तेही घरातल्याच माणसाने, आणि १ तारखेला होडी घालू नका, मी सांगतो त्या दिवशी घाला. वर एक पुडी दिली. मी उघडून बघितली, पेपरच्या तुकड्यात सातआठ तांदळाचे दाणे, हळद लागलेले, आणि लाल दोऱ्यात गुंडाळलेलं तांब्याचं काहीतरी. ती होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला बांधायची म्हणे. पप्पा म्हणतात फेकून दे, आजी रडते, म्हणते "एकदा इचारून बघूक काय जाता?" आमच्या घरात रोज संध्याकाळी रोजरी (जपमाळेची प्रार्थना) होते तरी हे चाललंय. नुसतं विचारलं तर पाप आहे का? बायबलमध्ये नक्की काय सांगितलंय ते नीट कोणी सांगेल का, म्हणजे आजीला दाखवता येईल.

वेंगुर्लेकर_६१
बाळा, बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाचा १८ अध्याय, १० ते १२ वचनं उघड आणि आजीला शांतपणे वाचून दाखव. शकुन बघणारा, जादूटोणा करणारा, भुताखेतांना विचारणारा, मेलेल्यांना विचारणारा, एकेकाचं नाव घेऊन तिथे नाही म्हटलंय. लेवीय १९:३१ पण तेच. "नुसतं विचारलं" अशी सूट कुठे दिलेली मला तरी सापडली नाही कारण तिथे मनाई विचारण्यालाच आहे.
पण आजीला रागावू नका. शौल राजाची गोष्ट वाचा, १ शमुवेल २८. त्यानेच आधी देशातून असल्या लोकांना हाकललं होतं आणि पलिष्ट्यांची फौज बघून इतका घाबरला की रात्री वेष बदलून एन-दोरच्या बाईकडे गेला. देव स्वप्नातून बोलेना, उरीममधून (याजकाकडचं देवाला विचारायचं साधन) बोलेना, संदेष्ट्यांतून बोलेना, म्हणून गेला. भीती म्हणजे काय ते त्या अध्यायात आहे, माणूस दिवसभर, रात्रभर जेवलेला नाही, जमिनीवर आडवा पडलाय, शेवटी त्या बाईनेच घरचं पोसलेलं वासरू कापून त्याला खाऊ घातलं. मला तो भाग वाचताना नेहमी वाईट वाटतं. पण तिथे जाऊन त्याला मिळालं काय, तर उद्या तू आणि तुझे मुलगे मरणार एवढंच, म्हणजे आला होता त्याहून जास्त घाबरून परत गेला. तुमच्या आजीचं पण तेच झालंय ना? गेली तेव्हा इंजिनाची काळजी होती, आली तेव्हा घरातल्या माणसाचा संशय घेऊन आली.

प्रश्नार्थी
पण मग प्रेषितांनी यहूदाच्या जागी मत्थियाला निवडताना चिठ्ठ्या टाकल्याच ना, प्रेषितांची कृत्ये १:२६? आमच्या गावच्या देवळात कौल लावतात तेव्हा पाकळी उजवीकडे पडली की हो, डावीकडे पडली की नाही. मी हिंदू घरातून ख्रिस्तात आलोय, घरचे अजून कौल घेतात, त्यांना मी नावं ठेवत नाही, पण मनापासून विचारतोय की फरक काय? आणि त्या जाणकाराचं कधीकधी खरं पण निघतं हो.

वसईकर_वाडीवरचा
@प्रश्नार्थी फार चांगला प्रश्न. प्रेषितांनी आधी स्वतः डोकं लावून दोन माणसं निवडली, जी पहिल्यापासून येशूसोबत होती, मग प्रार्थना केली आणि मग चिठ्ठी टाकली. आणि पुढच्याच अध्यायात पवित्र आत्मा उतरला, त्यानंतर त्या अख्ख्या पुस्तकात चिठ्ठ्या टाकल्याचं परत येत नाही. १३ व्या अध्यायात बर्णबा आणि शौल (तो राजा नाही, हा प्रेषित पौल) यांना पाठवायचं होतं तेव्हा उपास आणि प्रार्थना चालू असताना आत्म्याने सांगितलं. म्हणून मी ते "असं करा" म्हणून घेत नाही.
"खरं निघतं" याचं उत्तर कृत्ये १६ मध्ये आहे. फिलिप्पैमध्ये एक दासी होती, तिच्या अंगात भविष्य सांगणारा आत्मा, आणि ती पौलाच्या मागे बरेच दिवस ओरडत फिरत होती की हे परात्पर देवाचे दास आहेत. शब्दाला शब्द खरं बोलत होती! तरी पौलाने तो आत्मा घालवला. आणि मग चिडलं कोण, तर तिचे मालक, कारण त्यांची कमाई गेली, त्यांनी पौलाला आणि सीलाला फटके मारून तुरुंगात टाकायला लावलं. त्या मुलीचं काय झालं कोणी विचारलं पण नाही. म्हणजे खरं निघालं की खोटं यावर ते ठरतच नाही. अनुवाद १३ मध्ये तर उघड म्हटलंय की कोणाचं चिन्ह खरं ठरलं आणि तो दुसऱ्या देवांकडे नेऊ लागला तरी ऐकू नका.
आपण कॅथलिक असाल (रोजरी म्हणताय म्हणून धरतो) तर चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात परिच्छेद २११६ बघा, पत्रिका, ज्योतिष, हात बघणं, शकुन, मेलेल्यांना बोलावणं सगळं नाकारलंय, आणि पुढच्या २११७ मध्ये तावीज अंगावर घालणं पण. ती पुडी त्यातच येते.

तांडेल_काका
मी ४० वर्षं समुद्रावर. एक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून लिहितो, नाहीतर पोरगी उद्या भिंतीवरचं कॅलेंडर पण काढून टाकेल. आपण तिथी बघतो ती भरतीसाठी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, चतुर्थी म्हणजे चार, त्याची पाऊणपट तीन, साधारण तीन वाजता भरती. पुनवेला अवसेला उधाण, म्हणजे मोठी भरती, अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे कमी भरती. हे भविष्य नाही, हा चंद्र पाणी ओढतो त्याचा हिशोब आहे आणि उत्पत्ती १:१४ मध्ये देवाने ज्योती ऋतू, दिवस, वर्षं कळायलाच ठेवल्यात. येशूने पण मत्तय १६ मध्ये संध्याकाळी आभाळ तांबडं झालं की तुम्ही बरी हवा म्हणता असं म्हटलंय आणि त्या ओळखण्याला वाईट म्हटलेलं नाही. म्हणून १ तारखेला उधाण असेल, हवा खराब असेल तर होडी घालू नका, चार दिवस थांबा, पण ते हवामानाचा इशारा बघून. तोच चंद्र बघून अमका दिवस माझ्या होडीला वाईट आणि शेजाऱ्याच्या चांगला असं कोणी सांगायला लागला की मी तिथून उठतो.
आणि ते "घरातल्याच माणसाने केलंय" हे मला सगळ्यात जास्त लागलं. असंच कोणीतरी आमच्या वडिलांना सांगितलं होतं, वडील आणि त्यांचा सख्खा भाऊ त्यानंतर ११ वर्षं बोलले नाहीत, एकाच विहिरीवर पाणी भरायचे. इंजिन कशाने बसलं ते मेकॅनिकला विचार. तेलात पाणी गेलं होतं का?

किनाऱ्यावरची
तांडेल काका, हो, मेकॅनिक म्हणाला होता गॅस्केट गेलं आणि पाणी शिरलं. काल रात्री आजीला मी अनुवाद नाही वाचून दाखवला, लूक ५ वाचला, शिमोन कोळ्याने रात्रभर कष्ट केले आणि काही मिळालं नाही तो. ती म्हणाली "हां, शिमोनाचाव तसाच झाला होता", आणि थोड्या वेळाने सांगितलं की तिचा संशय लहान काकांवर होता. पप्पांनी सकाळीच काकांना फोन केला, जाळं शिवायला ये म्हणून. ते दुपारी आले, दोघं अंगणात बसून शिवतायत, आजीने चहा दिला पण अजून त्यांच्याकडे बघत नाहीये. पुडी माझ्याकडेच आहे. फादर रविवारी होडीला आशीर्वाद द्यायला येतायत, तेव्हा आजीने स्वतःच्या हाताने ती त्यांच्याकडे द्यावी असं मला वाटतं, म्हणून फेकली नाही. की आधीच टाकू?

वेंगुर्लेकर_६१
थांब रविवारपर्यंत. तिच्याच हातून जाऊ दे.